मोठ्या कंपनीत क्यूएचं काम: टेस्ट पास झाली म्हणजे नेमकं काय कळलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोट्या कंपनीत काही वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलंय, आता एका मोठ्या टेक कंपनीतून क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स, म्हणजे सॉफ्टवेअरची तपासणी) इंजिनिअरची ऑफर आलीय. तिथं काम कसं असतं, क्यूएला खरंच दुय्यम वागणूक मिळते का, आणि ऑटोमेशन नि एआयमुळे ही भूमिकाच जाणार असेल तर आत्ताच डेव्हलपमेंटकडे वळावं का?

माझं मत आधी सांगतो. ऑफर घ्या, पण होकार देण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. त्या पुढे सांगतो. आणि आज करताय तेच काम जरा मोठ्या टीममध्ये करायचंय, अशा समजुतीनं जाऊ नका. छोट्या आणि मोठ्या अशा दोन्ही ठिकाणी मी हेच काम करत आलोय. नाव एकच असलं तरी ही दोन कामं बरीच वेगळी आहेत.

छोट्या कंपनीत टेस्टचा दुष्काळ असतो. बिल्ड, म्हणजे ॲपची नवी तयार आवृत्ती, हातात येते, तुम्ही ॲप उघडता, सगळीकडे फिरून बघता, बग सापडला की लॉग करता. किती बग शोधले आणि किती लवकर शोधले यावर तुमची किंमत ठरते. मोठ्या कंपनीत डेव्हलपर आपल्या कोडच्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडचे छोटे तुकडे सुटे तपासणाऱ्या टेस्ट, स्वतः लिहितात, प्रत्येक बदलामागे हजारो टेस्ट आपोआप धावतात आणि बहुतेक वेळा सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं. तिथं क्यूएपुढे दोन प्रश्न असतात. हे सगळं पास झालं, यावरून आपल्याला काय कळलं? आणि काय अजून कळलेलंच नाही? माझ्या मते मोठ्या कंपनीतल्या क्यूएचा खरा पगार या दुसऱ्या प्रश्नाचा असतो.

१९ जुलै २०२४ ची घटना घ्या. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटनं जगभरातली विंडोज मशीन बंद पाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख. विमानसेवा अडल्या, हॉस्पिटलं अडली. कंपनीनं नंतर कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, तो क्यूएमध्ये येणाऱ्या प्रत्येकानं शांतपणे वाचावा. हल्ले ओळखण्याच्या एका नव्या प्रकारच्या नियमांसाठी २१ इनपुट ठरवलेले होते आणि प्रत्यक्षात सेन्सरचा, म्हणजे मशीनवर बसवलेल्या त्यांच्या प्रोग्रामचा, कोड २० च पुरवत होता. ही तफावत महिनोन् महिने कुणाला दिसली नाही, कारण टेस्टमध्ये आणि आधी सोडलेल्या नियमांमध्ये एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असाच निकष होता. काहीही चालणार असेल तर ती किंमत वाचायची वेळच येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा एकविसाव्या जागी खरी अट आली. कोड नसलेली किंमत वाचायला गेला, मेमरीच्या हद्दीबाहेर पडला आणि मशीन कोसळलं. नियम तपासणारा व्हॅलिडेटरही २१ इनपुट मिळतात असंच धरून चालला होता, त्यामुळे त्यानंही हिरवा कंदील दाखवला. त्यात अपडेट टप्प्याटप्प्यानं न सोडता सगळीकडे एकदम गेलं. यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे पहाटे ४:०९ ला सोडलेलं अपडेट ५:२७ ला मागे घेतलं, पण तेवढा वेळ पुरेसा होता.

टेस्ट लिहिलेल्या होत्या, धावत होत्या आणि पासही होत होत्या. एकविसाव्या जागी कधी खरी किंमत घालून बघितलीय का, एवढा एक प्रश्न राहून गेला. मोठ्या कंपनीत तुमच्याकडून अपेक्षा असते ती असे प्रश्न वेळेत विचारण्याची. त्यासाठी डिझाइन डॉक्युमेंट वाचावं लागतं, दुसऱ्याची टेस्ट उघडून तिच्यात कोणता डेटा घातलाय ते बघावं लागतं, आणि ‘हे नेहमी असंच असतं’ असं कुणी म्हटलं की ‘नसलं तर?’ असं विचारावं लागतं.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळची पहिली वेळ बहुतेक ठिकाणी रात्री आपोआप चाललेल्या टेस्टचे निकाल बघण्यात जाते. काही टेस्ट लाल, म्हणजे फेल, असतात. त्यातल्या खऱ्या किती आणि फ्लेकी किती, हे निवडायचं. फ्लेकी म्हणजे कोड तोच, टेस्ट तीच, तरी कधी पास, कधी फेल. छोट्या कंपनीत हा त्रास वाटतो. मोठ्या कंपनीत हा सगळ्यात महागडा प्रश्न असतो. गूगलच्या टेस्टिंग टीमनं २०१६ मध्ये त्यांचे आकडे प्रसिद्ध केले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्के निकालांत फ्लेकी टेस्टचा हात होता. एवढं इंजिनिअरिंग बळ असलेल्या कंपनीची ही अवस्था.

यामागचं गणित सोपं आहे. समजा एक टेस्ट हजारातून एकदाच विनाकारण फेल होते. फारच विश्वासू टेस्ट म्हणायची. अशा हजार टेस्ट एका पाइपलाइनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या साखळीत, लावा. कोडमध्ये एकही दोष नसताना सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता उरते जेमतेम ३७ टक्के. म्हणजे तीनातले जवळपास दोन रन काहीच बिघडलेलं नसताना लाल. मग माणसं काय करतात? ‘रीरन’ दाबतात. दोन-तीन आठवडे असं चाललं की लाल रंगाला कुणी भीक घालत नाही, आणि खरा दोष आला तरी हात आधी रीरनकडेच जातो. म्हणून फ्लेकी टेस्ट वेगळ्या काढणं, त्यांना मालक नेमणं, ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करणं किंवा सरळ डिलीट करणं, हे बाहेरून कंटाळवाणं दिसणारं काम मी फार वरच्या दर्जाचं मानतो.

पण डिलीट करण्याआधी ती फेल का होते हे एकदा तरी शोधायलाच हवं. एक उदाहरण जवळून दाखवतो. एका प्रॉडक्टमध्ये ३० दिवसांच्या मोफत ट्रायलची टेस्ट होती: आज खातं उघडलं तर ट्रायल अमुक तारखेला संपली पाहिजे. ही टेस्ट अधूनमधून फेल व्हायची, अपेक्षेपेक्षा एक दिवस आधीची तारीख दाखवायची. टीमनं तिच्यावर रीट्राय लावला होता, म्हणजे फेल झाली की ती आपोआप पुन्हा चालायची. मी फेल झालेल्या रनच्या वेळा एका खाली एक लिहून काढल्या. सगळ्या दिवसाच्या ठराविक काही तासांतच पडत होत्या. टेस्ट चालवणारं मशीन स्थानिक वेळेनं ‘आज’ ठरवत होतं, सर्व्हर यूटीसीनं, आणि मधल्या काही तासांत दोघांच्या तारखा वेगळ्या असायच्या. इथवर दोष टेस्टचा वाटतो, आणि बरेच जण इथंच थांबतात: टेस्टमध्येही यूटीसी घाला, झालं. पण मग वापरणाऱ्याच्या फोनवर कोणती तारीख दिसते? तो कोड बघितला तर तिथंही हाच घोळ होता. त्या तासांमध्ये खातं उघडणाऱ्या माणसाला स्क्रीनवर एक तारीख सांगितली जात होती आणि ट्रायल आदल्या दिवशीच बंद होत होती. सपोर्टकडे तशा तक्रारी आलेल्या होत्या, ‘वापरणाऱ्याचा गैरसमज’ म्हणून बंद केलेल्या. फ्लेकी म्हणून बाजूला टाकलेली टेस्ट इतके दिवस खरं बोलत होती.

तारीख आणि वेळ या विषयावर एक अख्खा आठवडा घालवलात तरी वाया जाणार नाही. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर क्लाउड सेवा कोलमडली, कारण एका सर्टिफिकेटची मुदत काढताना वर्षात फक्त एक मिळवला गेला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वात नसलेली तारीख तयार झाली. त्याआधी ३१ डिसेंबर २००८ ला त्यांचेच ३० जीबीचे झून हे म्युझिक प्लेअर एकाच वेळी गोठले होते. लीप वर्षाच्या ३६६ व्या दिवशी कोड एका न संपणाऱ्या लूपमध्ये अडकत होता. दोन्ही ठिकाणी कोड लिहिणारी माणसं हुशारच होती. फक्त तो एक दिवस टेस्टमध्ये आलेला नव्हता.

अक्षरांचंही तसंच. नावाच्या रकान्यात इंग्रजी नाव घालून टेस्ट पास करणारे खूप असतात. तुम्ही ‘क्षि’ घाला. वाचणाऱ्याला हे एक अक्षर दिसतं, युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय यादीत ते चार कोड पॉइंट, म्हणजे चार सुटी चिन्हं असतं, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत बारा बाइट. मग ‘कमाल २० अक्षरं’ या नियमात वीस काय मोजायचं? नाव लांब झालं की ते कुठे कापलं जातं, जोडाक्षराच्या मधोमध? बॅकस्पेस एकदा दाबल्यावर किती पुसलं जातं? फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षरामुळे आयफोनवरची ॲप्स कोसळत होती आणि ॲपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ काढावं लागलं. आपली लिपी रोज वाचणाऱ्या टेस्टरला इथं जी नजर असते ती इतरांना कष्टानं मिळवावी लागते. ती मुद्दाम वापरा.

प्रत्येक गोष्ट तपासणं मात्र शक्य नसतं, आणि मोठ्या कंपनीत हे फार लवकर कळतं. दहा सेटिंग, प्रत्येकाच्या तीन किमती, एवढ्यावरच ५९,०४९ जोडण्या होतात. कोणत्याही दोन सेटिंगच्या सगळ्या जोड्या एकदा तरी येतील अशी निवड केली तर हेच काम वीसच्या आत टेस्टमध्ये बसतं. पेअरवाइज म्हणतात ते हेच. तंत्र शिकायला अर्धा दिवस लागतो, तयार टूलही मिळतात. अवघड भाग पुढे आहे: कोणत्या तीन सेटिंग एकत्र आल्या तर घात होईल हे ओळखून त्या हातानं घालणं. ते टूल सांगत नाही, प्रॉडक्टची आणि जुन्या बगची ओळख सांगते.

बग रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण छोट्या कंपनीतून येणारी माणसं इथं सगळ्यात जास्त अडखळतात. तिथं डेव्हलपर पलीकडच्या टेबलावर असतो, ‘अरे, अपलोड चालत नाहीये’ म्हटलं की तो येऊन बघतो. मोठ्या कंपनीत तुमचा रिपोर्ट वाचणारा तुम्हाला ओळखत नाही, दुसऱ्या खंडात असतो, आणि त्याच्या रांगेत तसे शंभर रिपोर्ट असतात. ‘मोठी फाइल अपलोड होत नाही’ असं शीर्षक दिलंत तर तो त्याच्या वेगवान नेटवर्कवर एकदा करून बघेल, फाइल जाईल, आणि ‘नॉट रिप्रोड्युसिबल’, म्हणजे पुन्हा घडवता आला नाही, असं लिहून तो रिपोर्ट बंद करेल. त्याऐवजी असं लिहा: ‘अपलोड चालू असताना नेटवर्क तुटून पुन्हा जोडलं तर स्क्रीनवर “पूर्ण” दिसतं, पण सर्व्हरवर फाइल अर्धवट राहते, वापरणारा मूळ फाइल पुसून टाकतो.’ या एका ओळीत कधी होतं, काय दिसतं, प्रत्यक्षात काय असतं आणि कुणाचं काय नुकसान होतं, सगळं आलं. खाली बिल्ड नंबर, फाइलचा आकार, कितव्या सेकंदाला नेटवर्क तोडलं, दहातून किती वेळा झालं, सर्व्हरच्या लॉगमधली नेमकी ओळ, आणि शक्य असेल तर मागच्या कोणत्या बिल्डमध्ये हे होत नव्हतं. असा रिपोर्ट परत येत नाही.

‘किती जणांना होतंय’ आणि ‘झालं तर किती वाईट’ या दोन गोष्टी कधीही एकत्र मोजू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती बाहेर पडली आणि काही लोकांच्या फाइल पुसल्या जात असल्यामुळे मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ती थांबवावी लागली. कंपनीनं सांगितलेलं प्रमाण टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढं होतं, म्हणजे दहा हजारांत एक. या दोषाच्या तक्रारी आधीच चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांकडून फीडबॅक हब या विंडोजच्या तक्रारींच्या ॲपमध्ये आलेल्या होत्या, पण त्यांना फारशी मतं मिळाली नव्हती, म्हणून त्या वर आल्याच नाहीत. नंतर तक्रार करताना ती किती गंभीर आहे हे सांगायची सोय त्यांनी दिली. फाइल पुसली जाणं दहा हजारांत एकाच्या बाबतीत घडलं तरी रिलीज थांबवावा, आणि बटणाचा रंग सगळ्यांना चुकीचा दिसला तरी तो जाऊ द्यावा. ट्रायाजच्या, म्हणजे कोणता बग आधी घ्यायचा हे ठरवण्याच्या, मीटिंगमध्ये हे शांतपणे आणि ठामपणे मांडणारं माणूस लागतं. ते तुम्ही व्हावं असं मला वाटतं.

यातूनच साइन-ऑफचा, म्हणजे रिलीजला हिरवा कंदील कुणी द्यायचा याचा, प्रश्न येतो. छोट्या कंपनीत क्यूए ‘ओके’ म्हणतो आणि रिलीज जातो. काही बिघडलं की ‘क्यूएनं ओके दिलं होतं’ असं म्हणायला सगळे मोकळे. मोठ्या, व्यवस्थित चालणाऱ्या टीममध्ये क्यूए परवानगी देत नाही, माहिती देतो. निर्णय रिलीजचा मालक घेतो. माझा रिलीज रिपोर्ट साधारण असा असतो: ‘पेमेंट आणि लॉगिनचे सगळे मार्ग तपासले, दोन किरकोळ दोष उघडे आहेत. जुन्या आवृत्तीवरून थेट अपग्रेड फक्त अँड्रॉइडवर तपासलं, आयओएसवर नाही. एकाच खात्यावर दोन उपकरणांवरून एकाच क्षणी बदल केले तर काय होतं हे तपासलेलं नाही. तसं घडलं तर शेवटचा बदल पहिल्याला पुसून टाकेल अशी शंका आहे. पहिले दोन दिवस एक टक्का लोकांनाच द्यावं आणि सिंक फेल होण्याचं प्रमाण बघावं.’ यातली शेवटची तीन वाक्यं सगळ्यात मोलाची आहेत. न तपासलेलं लिहायला अनेकांना संकोच वाटतो, आपण कमी पडलो असं दिसेल म्हणून. उलट, तेवढ्या ओळींमुळेच वरची माणसं तुमच्या ‘तपासलं’ या शब्दावर विश्वास ठेवायला लागतात.

आता दुय्यम वागणुकीबद्दल. ती काही ठिकाणी मिळते, हे खरं आहे. कोड लिहिणारे वरचे आणि तपासणारे खालचे, ही मांडणी अजून गेलेली नाही. दुसरीकडे भूमिकेचं स्वरूपही बदललंय. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षं एसडीईटी, म्हणजे टेस्टसाठीचे डेव्हलपमेंट इंजिनिअर, हे मोठं स्वतंत्र पद होतं. २०१४ च्या सुमारास कंपनीनं डेव्हलपमेंट आणि टेस्ट यांची बऱ्याच प्रमाणात एकच भूमिका केली. गूगलमध्ये टेस्ट इंजिनिअर आणि टेस्टची यंत्रणा बांधणारे इंजिनिअर अशी वेगवेगळी पदं राहिली. एकाच उद्योगात दोन टोकाची उत्तरं आहेत, त्यामुळे ‘मोठ्या कंपनीत क्यूएला मान असतो का’ याला एक उत्तर नाही. टीमगणिक बदलतं. म्हणून होकार देण्याआधी, मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात तेव्हा हे विचारा.

युनिट टेस्ट कोण लिहितं? उत्तर ‘क्यूए टीम’ असं आलं तर सावध व्हा. तिथं डेव्हलपर कोड भिंतीपलीकडे टाकून मोकळे होतात. डिझाइन रिव्ह्यूला क्यूए असतो की कोड झाल्यावर बोलावतात? क्यूए इंजिनिअरची पदोन्नती आणि पगाराची श्रेणी डेव्हलपरच्या बरोबरीची आहे का? आणि माझा आवडता प्रश्न: प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेत, शेवटची मोठी घटना घडली तेव्हा पुढे काय झालं? दोष कुणाचा यापेक्षा यंत्रणेत काय बदललं हे समोरचा उत्साहानं सांगू लागला, तर ती टीम चांगली आहे. तो गप्प झाला किंवा एखाद्या माणसाचं नाव घेऊ लागला, तर दुसरी टीम मागा.

पद कंपनीच्या पगारावर आहे की कंत्राटी, आणि कंत्राटी असेल तर कोडबेस, लॉग आणि डिझाइन डॉक्युमेंट बघायला मिळणार का, हेही स्पष्ट करून घ्या. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मॅन्युअल टेस्टिंग बाहेरच्या एजन्सीकडे असतं. तिथं फक्त टेस्ट केसची यादी हातात पडत असेल तर नाव मोठं असूनही शिकायला फार मिळत नाही.

कोडिंग लागतं का? लागतं, आणि यावर मी मवाळ उत्तर देणार नाही. मुलाखतीतही विचारतात आणि रोजच्या कामातही लागतं, कारण दुसऱ्याचा कोड वाचता आला नाही तर त्याच्या टेस्टचं मोल ठरवता येत नाही. एक भाषा नीट शिका, पायथन किंवा जावा, जी टीम वापरते ती. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या एचटीटीपी विनंतीत काय जातं नि काय येतं, लॉग कसे चाळायचे, हे सगळं हाताखालचं हवं. टूलमागे फार धावू नका. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम २००४ मध्ये आलं, तसंच प्लेराइट २०२० मध्ये. मधल्या काळात कितीतरी आली नि गेली. एक शिकलात की दुसरं महिन्याभरात येतं. यूआय, म्हणजे स्क्रीनवरच्या, ऑटोमेशनलाच सगळं काही समजणंही सोडा. स्क्रीनवरून चालणाऱ्या टेस्ट सगळ्यात हळू, सगळ्यात नाजूक. जे एपीआयच्या पातळीवर, म्हणजे स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरशी बोलून, तपासता येतं ते तिथंच तपासा, स्क्रीनवर मोजकेच महत्त्वाचे मार्ग ठेवा. सर्टिफिकेटबद्दल एवढंच: आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा ४० प्रश्नांची असते, शब्दसंग्रह एकसारखा व्हायला उपयोगी पडते, पण मोठ्या कंपनीत तिच्या जोरावर निवड झालेली मी पाहिलेली नाही.

कव्हरेजच्या आकड्याला मात्र फसू नका. ९० टक्के कव्हरेज म्हणजे ९० टक्के ओळी टेस्ट चालताना एकदा तरी धावल्या, एवढंच. त्या धावल्यावर निकाल बरोबर आला का हे टेस्टनं तपासलंच नसेल तरी आकडा तोच येतो. शंका असेल तर कोडमधली एखादी अट मुद्दाम उलटी करा आणि टेस्ट चालवा. तरीही सगळं हिरवंच राहिलं तर त्या ओळीवर पहाराच नाही. यालाच म्युटेशन टेस्टिंग म्हणतात आणि त्याची टूल आहेत, पण महत्त्वाच्या चार-पाच ठिकाणी हातानं केलंत तरी खूप काही उघडं पडतं.

आता एआय. मी रोज वापरतो आणि वेळ वाचतो, विशेषतः टेस्ट डेटा तयार करायला, लॉग वाचायला आणि कंटाळवाणा सेटअप लिहायला. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. नियम असा आहे: वय १८ किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज स्वीकारायचा. डेव्हलपरनं चुकून ‘१८ पेक्षा जास्त’ लिहिलं. हा कोड एआयला देऊन टेस्ट लिहायला सांगितल्या तर तो १७ ला नकार, १८ ला नकार, १९ ला होकार अशा तीन व्यवस्थित टेस्ट लिहून देऊ शकतो. तिन्ही पास. सीमाही तपासली, कव्हरेजही पूर्ण. आणि दोष आता टेस्टच्या शिक्क्यासह कोडमध्ये पक्का बसला. उद्या कुणी तो दुरुस्त करायला गेलं तर हीच टेस्ट त्याला लाल दाखवून अडवेल. कोड काय करतो हे कोडमध्ये असतं, त्यानं काय करायला हवं हे कोडबाहेर असतं: नियमात, करारात, वापरणाऱ्याच्या गरजेत, कधी फक्त कुणाच्या तरी डोक्यात. ते शोधून आणून कोडसमोर ठेवणं हे काम वाढणार आहे. कोड जितका भराभर लिहिला जाईल तितकं जास्त.

शिवाय एआय वापरणारी फीचर तपासणं हाच एक नवा, मोठा विषय झालाय. तिथं एकाच प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर येतं, त्यामुळे ‘अपेक्षित उत्तर हेच’ असं लिहिता येत नाही. प्रश्नांचा काळजीपूर्वक निवडलेला संच ठेवायचा, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं याचे निकष लिहायचे, मॉडेल बदललं की पुन्हा मोजायचं, आणि एकूण टक्केवारी वाढली तरी कोणत्या गटाचं उत्तर बिघडलं हे वेगळं बघायचं. मॅन्युअल टेस्टिंगमध्ये तुम्ही कमावलेली सवय, म्हणजे वापरणाऱ्याच्या जागी बसून ‘हे मला पटतंय का’ असं विचारणं, इथं सरळ कामी येते. तुमची आजवरची वर्षं वाया गेली असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

डेव्हलपमेंटकडे वळायचं का, हे मी तुमच्या आवडीवर सोडतो. एखादी गोष्ट बांधून उभी करण्यात जीव रमत असेल तर जरूर वळा. क्यूएमधून गेलेले डेव्हलपर बहुधा चांगले होतात. पण ‘क्यूए संपतंय’ या भीतीनं जाऊ नका. नुसती टेस्ट केसची यादी वाचून टिका मारणं संपत चाललंय, आणि ते संपलेलंच बरं. पुढे जायला परफॉर्मन्स, सुरक्षा, ॲक्सेसिबिलिटी, रिलीज इंजिनिअरिंग, टेस्टची यंत्रणा बांधणं, असे कितीतरी रस्ते याच कामातून फुटतात. त्यातलं ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही ॲप वापरता यावं हे बघणं, फार दुर्लक्षित आहे. स्वयंचलित टूल रंगांचा फरक आणि राहिलेली लेबलं पकडतात. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून, डोळे मिटून, फॉर्म शेवटपर्यंत भरता येतो का हे माणसालाच करून बघावं लागतं.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात नवीन टेस्ट लिहायची घाई करू नका. टीमकडून मागच्या वर्षभरातल्या प्रॉडक्शन घटनांचे अहवाल मागून घ्या आणि एकेक वाचत जा. प्रत्येक घटनेसमोर लिहा: त्या दिवशी या भागावरच्या कोणत्या टेस्ट पास होत्या, त्यांत कोणता डेटा होता, आणि दोष त्यांच्या नजरेतून कसा निसटला. दहा-बारा घटना झाल्या की एक-दोन जागा पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. बहुतेक वेळा ती दोन टीमच्या मधली सीमा असते, जुन्या डेटाचं नव्या आवृत्तीत जाणं असतं, किंवा एखादी विनंती दोनदा पोहोचणं असतं. तो कागद घेऊन मॅनेजरकडे जा आणि तुमची पहिली टेस्ट तिथं लिहा.